छातीचा एक्स-रे पहिल्याच फिल्ममध्ये नीट कसा आणायचा: पेशंट उभा करण्यापासून बरगड्या मोजण्यापर्यंत

गेली चौदा वर्षं मी धुळे-नंदुरबार पट्ट्यात एक्स-रे काढतोय आणि त्यात सगळ्यात जास्त काढले ते छातीचे. नवीन पोरं-पोरी ट्रेनिंगला येतात तेव्हा त्यांचं सगळं लक्ष मशीनच्या बटणांवर असतं, केव्ही (किरणांचा जोर) किती ठेवू, एमए (किरणांचं प्रमाण) किती ठेवू. पण छातीची फिल्म चांगली येणार की वाया जाणार हे बटण दाबायच्या आधीच ठरलेलं असतं, पेशंट कसा उभा आहे आणि त्याने श्वास किती घेतलाय यावर. धडगावकडून माणूस जीपला लटकून, मग एसटी बदलून येतो, दिवसाची मजुरी बुडवून येतो, त्याला "उद्या परत या, फिल्म हलली" सांगणं मला फार जड जातं, आणि रिपीट म्हणजे त्याच्या अंगाला पुन्हा रेडिएशन. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी चिठ्ठी वाचा

डॉक्टरांची चिठ्ठी नुसती फाईलला लावू नका, ती वाचता आली पाहिजे. "सीएक्सआर पीए व्ह्यू" म्हणजे छातीचा एक्स-रे, किरण पाठीकडून शिरून छातीकडून बाहेर पडणार. पोस्टिरियर म्हणजे मागची बाजू, अँटिरियर म्हणजे पुढची, म्हणून पोस्टेरो-अँटिरियर, पीए. एपी म्हणजे उलटं, पुढून मागे. लॅटरल म्हणजे बाजूने. सुपिरियर वरचं, इन्फिरियर खालचं, मिडियल म्हणजे अंगाच्या मधल्या रेषेकडचं. हे सहा-सात शब्द पक्के झाले की पुस्तकातलं अर्धं पोझिशनिंग आपोआप कळतं.

मग आजारांचे शब्द. हे पाठ करायच्या भानगडीत पडू नका, तोडून बघा. न्यूमो म्हणजे हवा किंवा फुफ्फुस, हिमो म्हणजे रक्त, हायड्रो म्हणजे पाणी, थोरॅक्स म्हणजे छातीची पेटी. आता न्यूमोथोरॅक्स म्हणजे काय ते तुम्हीच सांगाल, फुफ्फुसाच्या बाहेर छातीच्या पोकळीत हवा शिरली. हिमोथोरॅक्स म्हणजे तिथेच रक्त. कार्डिओ म्हणजे हृदय आणि मेगाली म्हणजे वाढलेलं, झालं कार्डिओमेगाली. शेवटी आयटिस आलं की सूज, ब्रॉन्कायटिस, प्ल्युरायटिस. एक्टेसिस म्हणजे फुगलेलं किंवा पसरलेलं, ब्रॉन्किएक्टेसिस म्हणजे श्वासनळ्या कायमच्या रुंद झालेल्या, पण अ‍ॅटेलेक्टेसिस म्हणजे नेमकं उलट, फुफ्फुस नीट पसरलंच नाही, चिपकून बसलं. डिस्प्निया म्हणजे दम लागणं, हिमॉप्टिसिस म्हणजे खोकल्यातून रक्त. आपल्याकडे पेशंट सांगतो "दम लागस", "खोकलामा रगत पडस", ते तुम्हाला चिठ्ठीतल्या शब्दाशी जोडता आलं पाहिजे, कारण कधी कधी चिठ्ठीवर एक लिहिलेलं असतं आणि पेशंट तुम्हाला दुसरंच सांगतो, मग डॉक्टरांना एक फोन करायचा.

"आर/ओ कॉख्स" असं दिसलं की टीबी आहे का ते बघायचंय. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला टीबीचा जंतू जाहीर केला, त्यांच्या नावावरून डॉक्टर लोक अजून तसंच लिहितात, पेशंटसमोर टीबी शब्द उच्चारायला नको म्हणूनही. अशी चिठ्ठी आली की खिडक्या उघडा, स्वतः एन-९५ लावा, पेशंटला साधा मास्क द्या आणि त्याला बाकीच्या गर्दीत तासभर बसवून ठेवू नका. फिल्म झाल्यावर हनुवटी टेकली ती जागा पुसून घ्या.

आत काय काय आहे ते डोळ्यासमोर आणा

छातीची पेटी म्हणजे दोन्ही बाजूंना १२-१२ बरगड्या, पुढे मधोमध स्टर्नम म्हणजे छातीचं मधलं हाड, मागे १२ थोरॅसिक मणके, वर दोन क्लॅव्हिकल म्हणजे हासळीची हाडं, पाठीवर दोन स्कॅप्युला म्हणजे फऱ्याची हाडं. खाली डायफ्रॅम, पोट आणि छातीमधला घुमटासारखा पडदा. उजवा घुमट डाव्यापेक्षा थोडा वर असतो. डाव्या घुमटाखाली जठरातल्या हवेचा काळा फुगा दिसतो आणि हा फुगा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उजव्या फुफ्फुसाला तीन लोब म्हणजे भाग, डाव्याला दोन. श्वासनळी म्हणजे ट्रॅकिया छातीच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या आसपास दोन फाट्यांत विभागते, त्या जागेला कॅरिना म्हणतात. उजवा फाटा जास्त रुंद आणि जास्त सरळ उभा, म्हणून लहान पोराने शेंगदाणा किंवा बोराची बी गिळताना ठसका लागला की ती बहुतेक वेळा उजवीकडे जाऊन अडकते. शेंगदाणा फिल्मवर दिसत नाही बरं का, दिसते ती त्याने अडवून ठेवलेली हवा, किंवा पुढचं बसलेलं फुफ्फुस. आईने "शेंगदाणे खात होता" असं सांगितलं तर ते चिठ्ठीवर लिहाच.

दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी हायलम, तिथून रक्तवाहिन्या आणि श्वासनळ्या आत शिरतात, डावा हायलम उजव्यापेक्षा थोडा वर असतो. फुफ्फुसाचं वरचं टोक म्हणजे एपेक्स, ते हासळीच्याही वर जातं. आणि खाली बाहेरच्या बाजूला डायफ्रॅम आणि बरगड्या जिथे टोकदार कोन करून भेटतात तो कॉस्टोफ्रेनिक अँगल, आम्ही सीपी अँगल म्हणतो. छातीत पाणी झालं की उभ्या पेशंटमध्ये ते आधी तिथे साचतं. पीए फिल्ममध्ये तो कोन बोथट दिसायला साधारण २०० मिली पाणी लागतं, लॅटरलमध्ये मागच्या कोनात ५०-७५ मिलीही कळतं. म्हणजे सीपी अँगल कापला गेला तर ती फिल्म अर्धी आंधळी.

कपडे, दागिने आणि वेणी

कमरेच्या वरचं सगळं काढायचं. डोरलं, पोत, गळ्यातला ताईत, ब्लाउजचे हूक, सेफ्टी पिन, बंडीच्या आतल्या खिशातली नाणी, मोबाईल. सातपुड्यातल्या बायका चांदीचे जड दागिने घालून येतात, ते काढायला वेळ द्या आणि त्यांच्याच हातात किंवा सोबतच्या बाईच्या हातात द्या, टेबलवर ठेवून घेऊ नका. पोत काढायला नको म्हणणाऱ्या बायका असतात, तिथे वाद घालायचा नाही, ती वर उचलून दातात धरायला सांगायची, छातीच्या भागातून बाहेर गेली म्हणजे झालं. गाऊन असावाच, नसेल तर पातळ सुती ओढणी किंवा धुतलेली चादर, बाईमाणसाला अवघडल्यासारखं झालं की ती खांदे आवळून उभी राहते आणि मग श्वासही पुरता घेत नाही.

आता वेणीचं. मी नवीन होतो तेव्हा एका दवाखान्यात कामाला असताना पन्नाशीच्या एका मावशींची फिल्म काढली. उजव्या एपेक्सला कापूस पिंजल्यासारखी एक लांबट सावली आली. खोकला महिन्याभराचा, वजन कमी झालेलं, डॉक्टर म्हणाले टीबीच वाटतोय. मावशींचा मुलगा बाहेर डोक्याला हात लावून बसला. मी फिल्म व्ह्यू बॉक्सवर परत लावली तर त्या सावलीची वरची कड फुफ्फुसाच्या बाहेर, मानेपर्यंत गेलेली दिसली. फुफ्फुसातली सावली मानेत कशी जाईल? बाहेर येऊन बघितलं तर मावशींची तेल लावून घट्ट घातलेली वेणी, लोकरीचा गोंडा लावलेली, नेमकी उजव्या खांद्यावर. वेणी वर बांधून परत फिल्म काढली, एपेक्स स्वच्छ. माझ्या चुकीमुळे त्या माणसाचा अर्धा तास कसा गेला असेल ते मला अजून आठवतं. तेव्हापासून वेणी, अंबाडा, गोंडा सगळं डोक्यावर, क्लिप न लावता, आणि पाठीमागून एकदा हात फिरवून बघायचं.

वयात आलेल्या प्रत्येक बाईला पाळी कधी आली होती हे हळू आवाजात, सासू जवळ नसताना विचारा. दिवस राहिल्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना सांगा, मग गरज किती आहे ते ते ठरवतील, काढायचाच असेल तर बीम म्हणजे किरणांचा झोत छातीपुरता आवळा.

उभं करणं: पीए व्ह्यू

कॅसेट, म्हणजे फिल्म ठेवायची चपटी पेटी, १४ बाय १७ इंची. बारीक-उंच माणसाला उभी लावा, रुंद छातीच्या माणसाला आडवी, नाहीतर दोन्ही बाजूच्या बरगड्या कापल्या जातात. ट्यूब (किरण जिथून निघतात ती) ते कॅसेट अंतर १८० सेंमी म्हणजे ६ फूट. हे अंतर का, ते हिशोब करून बघा. हृदय १२ सेंमी रुंद आहे आणि कॅसेटपासून १० सेंमीवर आहे असं धरा, १८० वर त्याची सावली साधारण १२.७ सेंमी पडते, १०० वर १३.३. आणि तोच माणूस एपीमध्ये १०० सेंमीवर काढला, हृदय कॅसेटपासून १५ सेंमी लांब गेलं, तर सावली १४ च्या वर. डॉक्टर हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त आहे का ते मोजतात, त्याला कार्डिओथोरॅसिक रेशो म्हणतात, आणि तुम्ही अंतर कमी केलं तर चांगल्या माणसाच्या कागदावर कार्डिओमेगाली लिहिलं जाईल. खोली लहान असेल तर जेवढं जमलं तेवढं ठेवा, पण ते फिल्मवर लिहा.

पेशंटला कॅसेटकडे तोंड करून उभं करा, पाय थोडे फाकवून, वजन दोन्ही पायांवर सारखं. एका पायावर रेलला की छाती वळलीच समजा. कॅसेटची वरची कड खांद्याच्या ४-५ सेंमी वर. हनुवटी वर, कॅसेटच्या कडेवर टेकवून, नाहीतर जबडा एपेक्सवर येतो. मग हात: दोन्ही हातांच्या पालथ्या बाजू कमरेवर, तळवे बाहेर, आणि कोपरं पुढे ढकलायची, इतकी की खांदे कॅसेटला चिकटतील. यानेच फऱ्याची हाडं फुफ्फुसावरून बाजूला सरकतात. तोंडी सांगून कोणालाच कळत नाही, मी स्वतः शेजारी उभा राहून करून दाखवतो. म्हाताऱ्यांचे खांदे आखडलेले असतात, त्यांना सरळ स्टँडलाच मिठी मारायला लावा. खांदे पुढे आणि खाली दोन्ही पाहिजेत, वर उचलले तर हासळी वर चढते.

आता मागे जाऊन बघा, दोन्ही खांदे कॅसेटला सारखे टेकलेत का, कंबर तिरकी नाही ना. फऱ्याच्या हाडाचं खालचं टोक बोटाने चाचपा, त्या पातळीवर मधोमध सेंट्रल रे म्हणजे झोताचा मधला किरण, तिथेच साधारण सातवा थोरॅसिक मणका येतो. टोक सापडत नसेल तर मानेच्या मागे जो मणका सगळ्यात वर आलेला लागतो, त्याच्या खाली बाईला १८ सेंमी, पुरुषाला २० सेंमी. लाईट छातीपुरती आवळा, बाजूने बरगड्या आणि खाली सीपी अँगल आत राहतील एवढी. ज्या बायकांची छाती भरलेली आहे त्यांना ती वर आणि बाजूला करून मग कॅसेटला टेकायला सांगायचं, बाई स्वतः करते, आपण हात लावायचा नाही.

मार्कर. आर (उजवी) किंवा एल (डावी) एक्सपोजरच्या आधी, शिशाचा, कॅसेटवर. नंतर कॉम्प्युटरवर टाकू म्हणणं धोक्याचं आहे. क्वचित एखाद्याचं हृदय खरोखर उजवीकडे असतं, डेक्स्ट्रोकार्डिया, आणि काहींचं पोटातलंही सगळं उलट असतं, म्हणजे तो जठराचा फुगा उजवीकडे. तुम्ही मार्करच लावला नाही तर फिल्म उलटी लागली का माणूसच तसा आहे हे कोणीच सांगू शकणार नाही.

श्वास

सगळ्यात जास्त फिल्म इथे वाया जातात. "श्वास घ्या" म्हटलं की लोक खांदे उचलतात, पोट आत ओढतात आणि आत हवा जातच नाही. म्हणून कॅसेटसमोर नेण्याआधी दोनदा सराव. पहिला श्वास पूर्ण घेऊन सोडायचा, दुसऱ्या पूर्ण श्वासावर रोखायचा, दुसऱ्या वेळी फुफ्फुस जास्त भरतं. शब्द पेशंटच्या भाषेतले वापरा. अहिराणी माणसाला "दीर्घ श्वसन करा" काय कळणार? मी म्हणतो, "माय, मोठा दम ले... आखो ले... धरी ठेव, हालू नको... हां, आते सोडी दे." पावरा, भिल्ल पेशंट असेल तर त्यांच्यातल्या कोणाकडून तरी हे चार शब्द शिकून भिंतीवर लिहून ठेवा, मी तसंच केलंय. आणि "धरी ठेव" म्हटल्यावर छातीकडे बघा, काचेतून, हालचाल थांबली की बटण. "सोडा" म्हणायला विसरू नका, माणसं खरंच धरून ठेवतात.

एक्सपोजरचं थोडक्यात सांगतो कारण प्रत्येक मशीनचा चार्ट वेगळा. ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) असेल तर ११०-१२० केव्ही, लहान मशीनवर ग्रिडशिवाय ६०-७० च्या आसपास. वेळ जितका कमी ठेवता येईल तितका, हृदय थांबत नाही आणि आपल्याला ते धडधडताना स्थिर पकडायचंय. डिजिटलवर जास्त एक्सपोजर दिलं तरी चित्र छान दिसतं, म्हणून नकळत डोस वाढत जातो, एक्सपोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पोचले त्याचा आकडा, रोज बघा. तुम्ही पडद्यामागे, दार बंद, टीएलडी बॅज (आपल्याला लागलेलं रेडिएशन मोजणारा) छातीवर, शिशाचा एप्रन घातला तर त्याच्या आत. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा आपल्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, सामान्य माणसासाठी १. पेशंट घाबरला तर सांगा, छातीच्या एका फिल्मचा डोस फार थोडा असतो, निसर्गातून काही दिवसांत मिळतो तेवढाच.

पेशंट उभा राहू शकत नसेल, आणि बाकीचे व्ह्यू

बसवता येत असेल तर बसवा, अगदीच नसेल तर झोपवून एपी. ट्यूब पायाकडे थोडी, साधारण ५ अंश कलवा, नाहीतर हासळी एपेक्सवर येऊन त्याला झाकते. फिल्मवर "एपी, सुपाईन" (म्हणजे उताणा झोपवून) ठळक लिहा. झोपल्यावर पाणी पाठीमागे पसरतं, कोन बोथट दिसत नाही, सगळी बाजूच धुरकट दिसते. थोडं पाणी शोधायचं असेल तर ज्या बाजूला शंका ती बाजू खाली करून कुशीवर झोपवा आणि आडवा बीम मारा, याला डेक्युबिटस म्हणतात. हवा शोधायची असेल तर उलट, शंकेची बाजू वर.

लॅटरल सहसा डावी बाजू कॅसेटला, हृदय डावीकडे म्हणून ते कमी मोठं दिसतं, दोन्ही हात डोक्यावर. एपेक्स हासळीमागे लपला असेल आणि टीबीची शंका असेल तर लॉर्डोटिक, पेशंट पाठ कॅसेटकडे करून एक फूट पुढे उभा राहतो आणि मागे रेलून खांदे टेकवतो. चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्याला हे करायला लावू नका, ट्यूबच डोक्याकडे १५-२० अंश कलवा.

लहान पोरं रडतात, रडू द्या, हुंदका संपून जो श्वास आत ओढतात तोच आपला क्षण. धरायला आई किंवा बाप, एप्रन घालून, आई पोटुशी नाही ना ते विचारून, स्टाफने रोज रोज धरू नये. तान्ह्या पोराचं हृदय ६० टक्क्यांपर्यंत रुंद दिसू शकतं आणि थायमस (छातीतली एक ग्रंथी) वर रुंद सावली टाकतो, घाबरून रिपीट करू नका. आणि आपल्या सातपुड्यात सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) पोरं खूप, ताप आणि छातीत दुखतंय म्हणून आलं आणि चिठ्ठीवर सिकलसेल असेल तर त्याला नंबर लावायला लावू नका, त्यांच्यात छातीचा झटका, अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम, फार वेगाने वाढतो, फिल्म काढून हातात घेऊन डॉक्टरकडे जा.

जिनिंगमध्ये काम करणारा खोकत आला तर ते काम चिठ्ठीवर लिहा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या त्रासात, त्याला बिसिनोसिस म्हणतात, फिल्म बऱ्याचदा साफच असते. म्हणून "काही नाही, नॉर्मल आहे" हे आपण आपल्या तोंडाने कधीच सांगायचं नाही.

फिल्म आली, आता तपासा

पेशंटला कपडे घालायला सांगण्याआधी हे बघा. नाव, तारीख, मार्कर. वर एपेक्स, खाली दोन्ही सीपी अँगल पूर्ण. मग वळलाय का: दोन्ही हासळ्यांची आतली टोकं मधल्या मणक्याच्या काट्यापासून सारख्या अंतरावर हवीत, पट्टी लावून मोजा. वळलेल्या फिल्ममध्ये एक फुफ्फुस काळं, एक पांढरट दिसतं आणि हृदय सरकल्यासारखं वाटतं.

मग बरगड्या मोजा. मणक्यापासून निघून जवळजवळ आडव्या जातात त्या मागच्या, बाहेरून आत तिरक्या उतरतात त्या पुढच्या. पहिली बरगडी हासळीजवळ छोटी गोल वळते, तिथून उजव्या बाजूने बोट ठेवून खाली या. डायफ्रॅमच्या वर मागच्या १० दिसल्या की श्वास पूर्ण, ९ चालतील, ८ आल्या तर हृदय मोठं आणि खालची फुफ्फुसं धुरकट दिसणारच, ती फिल्म परत. पुढच्या मोजल्या तर ६ च्या आसपास. वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या बाबांच्या ११ पण दिसतात, डायफ्रॅम सपाट, त्यांची फुफ्फुसं फुगून बसलेली असतात, तिथे कॅसेट उभीच लावायची.

शेवटी हृदयामागे मणके पुसटसे दिसतायत का बघा. अजिबात दिसत नसतील तर किरण कमी पडले, एकेक मणका ठसठशीत दिसत असेल तर जास्त. रिपीट करायचाच असेल तर आधी नेमकं काय चुकलं ते ठरवा आणि तेवढंच बदला, अंदाजाने दुसरी फिल्म मारू नका. हे सगळं बघून होईपर्यंत पेशंट बाकावर बसलेला पाहिजे. त्याची परतीची गाडी किती वाजता आहे ते मी आधीच विचारून ठेवतो.